आरोपी नसलेला आजार

पहिला प्रश्न

रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न मला विचारला नाही. चष्म्यावरून त्यांनी माझ्या आईवडिलांकडे पाहिले आणि विचारले, "घरात आणखी कोणाला असं काही आहे का? सांधे, थायरॉइड, त्वचेचं काही?"

घाटकोपरच्या त्या क्लिनिकमध्ये माझ्या एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला बाबा. प्रश्न दोघांसाठी होता. बाबा भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे पाहत राहिले. आई म्हणाली, "माझ्या बहिणीला आहे. सांध्यांचं. बोटं वाकडी झालीत तिची."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या तपासण्यांविषयी बोलू लागले. त्यांच्या दृष्टीने ते एक साधे उत्तर होते. आईच्या दृष्टीने तो कबुलीजबाब होता, हे मला तेव्हा कळले नाही. मी 'ल्यूपस' या शब्दाशी झगडण्यात गुंतले होते.

तुमच्याही हातात असाच कागद नुकताच पडला असेल, तर आजाराची वैद्यकीय माहिती तुम्ही एव्हाना शोधली असेलच. ती मी इथे देणार नाही. शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच शरीरावर उलटते, आणि माझ्या बाबतीत ती मूत्रपिंडांवर उलटली होती, एवढे पुरे. त्याआधी कित्येक महिने सकाळी बोटे आखडत होती, नाकावर आणि गालांवर लाली येत होती, कंगव्यात केसांचे पुंजके निघत होते. मी प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र कारण शोधले होते: टंकलेखन, ऊन, पाणी. शेवटी पावले सुजली आणि चपला चढेनात, तेव्हा कारणांचा साठा संपला.

विसंगती अशी की, एकाच घटनेला अनेक कारणे कशी असतात, याचा अभ्यास करणे हाच माझा व्यवसाय आहे. मी जनुकशास्त्र शिकले आणि अंधेरीतील एका प्रयोगशाळेत जनुकीय माहितीचे विश्लेषण करते.

वॉर्ड

रुग्णालयातला दिवस वजनाने सुरू होतो. अंगातले साठलेले पाणी उतरते आहे की नाही, हे काट्यावर कळते. मग रक्तदाब, मग रक्त, मग आपण किती प्यायलो आणि किती विसर्जित केले याचा हिशेब. लघवी मोजण्याच्या प्लास्टिकच्या भांड्यावर माझे आडनाव लिहिले होते. माझ्या नावाची पाटी कधीतरी एखाद्या दारावर लागेल अशी महत्त्वाकांक्षा मी बाळगून होते. ती आधी इथे लागली.

बायोप्सीच्या दिवशी मला पालथे झोपवून पाठीतून सुई घातली. सुईचा 'टक्' असा आवाज येतो, तो आधी सांगून ठेवा असे डॉक्टरांना म्हणावे. मला कोणी सांगितले नव्हते. नंतर तासन्‌तास उताणे, हालचाल न करता पडून राहावे लागते. त्या वेळी एक परिचारिका येऊन गेली, माझ्या कपाळावर आलेले केस तिने बाजूला केले आणि काही न बोलता निघून गेली. तिला कदाचित आठवतही नसेल. मला मात्र संपूर्ण मुक्कामातले तेवढेच एक क्षणचित्र स्पष्ट आठवते, ज्यात मी कोणाच्या तपासणीचा विषय नव्हते.

स्टेरॉइडविषयी प्रामाणिकपणे सांगते. चेहरा सुजतो, भूक राक्षसी होते, झोप उडते आणि जिभेवरचा ताबा जातो. यातल्या शेवटच्या परिणामाचा मला फायदा झाला.

काका येतात

बाबांचे थोरले भाऊ, आबाकाका, वाकोल्याला राहतात. आजोबा गिरणीत कामाला म्हणून मालवणकडून मुंबईत आले. गिरणी गेली, काकांनी विमानतळावर मालवाहतुकीच्या विभागात उभे आयुष्य काढले, पण घरात त्यांची भाषा अजून गावचीच आहे. घरातले देवाचे सगळे तेच बघतात. ते वॉर्डात आले तेव्हा त्यांच्या हातात प्रसादाच्या खोबऱ्याची पुडी होती.

"कशी असस गो? काय घाबरा नको. तुझ्या घराकडे देवाक नारळ ठेवन इलंय. गाऱ्हाणा घातलंय."

ज्यांना गाऱ्हाणे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे काही अडले की घरातला ज्येष्ठ पुरुष देवापुढे नारळ ठेवतो आणि मोठ्या आवाजात देवाला आपले म्हणणे सांगतो. प्रत्येक मागणीच्या शेवटी तो थांबतो आणि जमलेल्या सगळ्यांनी एकमुखाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचे असते. हा होकार आला तरच पुढची मागणी. होकार न देण्याचा प्रसंग मी कधी पाहिला नव्हता.

"काय सांगितलंत देवाला?" मी विचारले.

"रोखठोक सांगलंय. ह्या पोरीच्या आवशीच्या म्हायेराकडसून जा काय इला असात, ता आल्या वाटेन परत धाड, म्हाराजा."

ती आवस, म्हणजे आई, माझ्या उशाशी उभी राहून बाटलीत पाणी ओतत होती. तिचा हात थांबला नाही.

हे समजण्यासाठी आणखी एक गोष्ट माहीत हवी. माझी आई माहुलची, कोळ्यांच्या घरातली. बाबांनी तिच्याशी स्वतःच्या मर्जीने लग्न केले. आमच्या घराण्याने ते लग्न स्वीकारले, पण कोपऱ्यात एक शेरा मारून ठेवला. मला गणितात चांगले गुण मिळाले की मी आबाकाकांच्या वळणावर गेलेली असायचे. मी उलट बोलले की माहुलची.

"आणि आई काय म्हणाली त्यावर?"

"काय म्हणतली? व्हय म्हाराजा म्हटल्यान. सगळ्यांनी म्हणूचाच लागता."

म्हणजे माझी आई हात जोडून उभी राहिली, तिच्यावरचा आरोप तिच्यासमोर वाचला गेला आणि तिने सर्वांबरोबर त्याला मोठ्याने होकार दिला.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेता ना?"

"घेतंय. तेचा काय?"

"आत्याही घेते. तुमच्या दोघांच्या थायरॉइडवर तुमच्याच शरीराने हल्ला केलाय. तुमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. हा आजार त्याच कुळातला आहे. मग ते कोणाच्या माहेराकडून आलं?"

"ती साधी गोळी गो," काका म्हणाले. "ती आता सगळेच घेतत."

शेजारच्या खाटेवरच्या बाई खुदकन हसल्या. काकांनी पुडी टेबलावर ठेवली, "स्टेरॉइडान डोक्यात गरमी गेली हा हिच्या," असे आईला सांगितले आणि ते निघाले. आई त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर ती एवढेच म्हणाली, "मोठ्यांशी असं बोलू नये."

दुपारभर मला विजयाचा आनंद होत होता. संध्याकाळी तो ओसरला. मी काय केले होते? आईच्या घराण्याऐवजी बाबांच्या घराण्याला पिंजऱ्यात उभे केले होते. खटला तोच, आरोपी वेगळा. आणि मला तर नेमका खटलाच मान्य नव्हता.

उंचीला कोणी दोष देत नाही

घरी आल्यावर आजार माझा राहिला आणि शिक्षा आई भोगू लागली. तिची थोरली बहीण, हिरामावशी, चेंबूरच्या बाजारात मासळी विकते. दर आठवड्याला ती आमच्याकडे पिशवी घेऊन यायची. मी रुग्णालयात असताना आईने तिला येऊ नको म्हणून कळवले होते. घरी आल्यावरही तेच चालू राहिले. एके दिवशी आई घाटकोपरच्या बाजारातून बांगडे विकत घेऊन आली. आमच्या घरात विकतचा मासा मी प्रथमच पाहिला. तो चांगला होता. बाबांनी चवीबद्दल काही म्हटले नाही, आणि आईने स्वतःच्या ताटात तो वाढून घेतला नाही.

मी तिला माझ्या पद्धतीने समजावायचे ठरवले.

"आई, माझी उंची कोणामुळे?"

"कोणामुळे म्हणजे? देवामुळे."

"बाबा बुटके. तू मध्यम. मी दोघांपेक्षा उंच. मग कोणाचा दोष?"

"उंचीत कसला दोष?"

"तेच म्हणते. उंची एका जनुकाने ठरत नाही. शेकडो, हजारो जनुकं थोडंथोडं ढकलतात. कुणी वर, कुणी खाली. अर्धी तुझ्याकडून, अर्धी बाबांकडून, आणि कुठली अर्धी येणार ते दर मुलाच्या वेळी नव्याने ठरतं. म्हणून सख्खी भावंडंही एका मापाची नसतात. वर पुन्हा काय खाल्लं, लहानपणी काय आजार झाले, तेही त्यात येतं. या आजाराचंही असंच आहे. त्याला ढकलणारी जनुकं तुझ्यात आहेत, बाबांत आहेत, शेजारच्या शहाकाकूंतही थोडी असतील. त्यातलं एकटं कोणीही आजार आणत नाही."

आईने कोथिंबीर निवडणे थांबवले नाही. "मग माझ्यात जास्त असतील."

नसतील, असे मी खोटे सांगितले नाही. कामावर नवीन पद्धती तपासताना आम्ही काही जणांनी आपापले नमुने रीतसर संमतीने दिले होते. निदानानंतर मी घरूनच माझा स्वतःचा ल्यूपसचा जोखीमगुणांक काढून पाहिला होता. असंख्य लहान परिणामांची बेरीज करून तो काढतात. आकडा आला तो अगदी सामान्य: सगळ्यांना कमी जोखमीपासून जास्त जोखमीपर्यंत रांगेत उभे केले, तर मध्याच्या जरासा पुढे. त्या रांगेत माझ्या पुढे उभी असलेली असंख्य माणसे आयुष्यभर ठणठणीत राहतील. शिवाय हे गुणांक ज्या लोकांच्या माहितीवर बेतले गेले, त्यांत आपल्याकडचे लोक फारच थोडे. त्यामुळे माझ्या बाबतीत ते मोजमाप किती खरे, याचीही खात्री नाही.

म्हणजे माझ्याच विषयाने मला सांगितले की तो मला ओळखत नाही. त्या दिवशी मी खूप चिडले. आज मला ते उत्तर सन्मानाचे वाटते. आईला निर्दोष ठरवणारा पुरावा विज्ञानाकडे नव्हता. पण तिच्यावर आरोप ठेवता येईल असा प्रश्नच विज्ञानाला विचारता येत नव्हता.

हे सारे मी तिला सांगितले. तिने नीट ऐकून घेतले. ती हुशार बाई आहे, तिला पटलेही असावे. पण ती म्हणाली, "सायली, हे तू मला सांगतेस ते ठीक आहे. मी देवासमोर हो म्हटलंय. ते कसं पुसणार?"

तेव्हा माझ्या लक्षात आले की मी चुकीच्या दरबारात युक्तिवाद करत होते.

माहुल

ऊन मला वर्ज्य आहे. त्यामुळे पूर्ण बाह्या, टोपी, छत्री असा सरंजाम करून मी आईला न सांगता माहुलला गेले. मावशी दारातच बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"क गो, कोळणीची भाची नि उन्हाला भितेस? नि तोंड कवढं झालंय तुझं. गाभोळीनं भरलेल्या टेंगळी मासळीसारखं."

निदानानंतर माझ्या चेहऱ्याविषयी खरे बोलणारी ती पहिलीच व्यक्ती. बाकी सगळे 'तब्येत सुधारलेली दिसते' म्हणत होते. मी तिच्या शेजारी बसले आणि खूप हसले.

"तुझी आय फोन उचलते नि म्हणते, कामात हाय," मावशी म्हणाली. "चाळीस वर्षांत माझ्यासाठी कामात नव्हती. काय झालंय?"

मी सगळे सांगितले. गाऱ्हाण्याचे शब्दही सांगितले. मावशीने तिची वाकडी बोटे समोर धरून उलटसुलट पाहिली.

"म्हंजे मी दिलं? मी माझ्या सख्ख्या पोरांना एक पापलेट फुकट देत नाय. तुला एवढं मोठं दुखणं देईन?"

मग तिने हात खाली घेतले. म्हणाली, "पण तिनं व्हय म्हटलं, हे मला लागलं." आणि आत जाऊन तिने माझ्यासाठी चहा ठेवला. मिठाची बंदी असल्यामुळे तिच्या घरातले सुकट, बोंबील, जवळा यांपैकी काहीच मला चालत नव्हते. त्या घरात पाहुण्याला नुसता चहा देणे ही तिच्यासाठी दुसरी शिक्षा होती.

बाबा

कुटुंबातल्या ताणाविषयी लिहिताना गप्प बसणाऱ्या माणसांना आपण फार सहज सोडून देतो. माझे बाबा प्रेमळ आहेत. रुग्णालयात माझी लघवीची भांडी त्यांनी कुरकुर न करता रिकामी केली. पण बायको आणि थोरला भाऊ यांच्यामध्ये उभे राहण्याची वेळ आली की ते भिंतीवरचे चित्र पाहू लागतात.

औषधांना यश येऊ लागले. लघवीतून जाणारी प्रथिने कमी झाली, सूज उतरली, गोळ्यांची मात्रा कमी होत गेली. आजार गेला नाही. तो शांत झाला आणि मी कामावर रुजू झाले. आबाकाकांचा फोन आला की आता देवाचे आभार मानायला नारळ ठेवायला हवा, रविवारी येतो.

"बाबा," मी म्हणाले, "या वेळी शब्द बदलायचे."

"गाऱ्हाण्यात कोणी ढवळाढवळ करत नाही, सायू. दादा मोठा आहे."

"आणि आई?"

त्यांनी वर्तमानपत्र उघडले. मी तो दिवस त्यांच्यावर रागावून काढला. शनिवारी संध्याकाळी गॅलरीत ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते. मला ऐकू आले ते इतकेच: "ताई, उद्या या. नाही, तिने नाही सांगितलं, मी सांगतोय. हो, मासळी आणा, पण आधी नारळ आहे, ती मागाहून."

भावाला सांगण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. पण मेव्हणीला बोलावण्याचे झाले. मी त्यांना त्याचे पूर्ण गुण दिले.

रविवार

मावशी ठेवणीतले लुगडे नेसून आली. आईने दार उघडले. मग आईने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ती स्वयंपाकघराच्या बाहेर, गॅलरीत ठेवली. पूजेचा दिवस होता. मावशीने पाय धुतले आणि ती मागच्या बाजूला उभी राहिली. काकांनी तिला पाहिले, "बरा आसा मा?" असे विचारले आणि पाटावर नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली. आवाज अजूनही खणखणीत. "आज ह्या तुझ्या लेकरांनी जो हो नारळ ठेवलो हा, तो गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"पोरगी दुखण्यातसून उठली, तेचो उपकार आमी इसराचव नाय."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या आवशीच्या म्हायेराकडसून जा काय इला होता, ता जसा परतवलंस, तसा परत कधी येव देव नको."

काका थांबले. मी तोंड मिटून धरले होते. पण माझा आवाज नसता तरी काही बिघडले नसते. माझ्या आगाऊपणाची घराला सवय आहे. बाबांचा आवाज निम्म्यात तुटला. काकांनी डोळे उघडून पाहिले. आईचे हात जोडलेले होते आणि ओठ बंद.

"म्हणा मगे," काका म्हणाले.

"नाही म्हणणार, भावोजी," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मागच्या वेळी म्हटलं. पोरगी दवाखान्यात होती, मी घाबरले होते. तेव्हा तुम्ही काहीही म्हणायला सांगितलं असतं तरी म्हटलं असतं. आज माझी बहीण इथे उभी आहे."

"गाऱ्हाण्यात मधी बोलूचा नसता."

"मग गाऱ्हाणं बरोबर घाला. दोन्ही घरांकडून आलं म्हणा. थोडं तुमच्याकडून, थोडं आमच्याकडून. हिनेच शोधून काढलंय."

मी काहीच शोधून काढलेले नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ते ज्ञात आहे. पण तो मुद्दा काढायची ती वेळ नव्हती.

काकांनी बाबांकडे पाहिले. बाबांनी या वेळी चित्र शोधले नाही. "घाल रे दादा," ते म्हणाले. "खरं आहे ते. गोळी तूही घेतोस."

काकांनी पाटावरचा नारळ उगाच सरळ केला. देवापुढे अर्धवट सोडलेले गाऱ्हाणे ठेवून ते उठू शकत नव्हते, आणि होकाराशिवाय पुढे जाऊ शकत नव्हते. अखेरीस त्यांनी डोळे मिटले.

"बा म्हाराजा, ह्या पोरीच्या दोनी घराकडसून, आवशीकडचा थोडा आनि बापाशीकडचा थोडा, जा काय इला असात, ता तुझ्या पायाकडे ठेवतोव. तेचो राग कोणावर धरू नको."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मावशीचा होकार क्षणभर मागून आला, कारण तिला आमची लय ठाऊक नव्हती.

काका उठणार, इतक्यात मी म्हणाले, "काका, अजून एक राहिलं."

"आता काय गो?"

"जे कोणाकडूनच आलं नाही, तेही सांगा. दोन्ही घरं मिळून, खाणंपिणं, हवा, सगळं धरूनही हिशेब पुरा होत नाही. उरलेलं उगाच घडतं. त्याला कारण नसतं."

"देवाक असा सांगूचा? कारण नाय म्हणान?"

"हो. असंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या अजून न उतरलेल्या गालांकडे, विरळ झालेल्या केसांकडे. मग पुन्हा हात जोडले. या वेळी त्यांचा आवाज खाली आला होता आणि प्रत्येक शब्द ते जणू प्रथमच जुळवत होते.

"आनि जा खयसूनच इला नाय, म्हाराजा, जेका कायच कारण नाय, ताव तूच बघून घे."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. आमच्यापैकी कोणी तोंड उघडण्याच्या आधी, आणि इतक्या मोठ्याने, की शेजारच्या शहाकाकूंनी दार उघडून पाहिले.